पाकिटावरचं नाव

त्या दिवशी पाकिटावर मी जे नाव लिहिलं, ते चुकून लिहिलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्या पोरीचं ते पाकीट होतं, तिच्या घरी सगळ्यांना ती माझी चूकच वाटली आणि मी ती तशीच वाटू दिली.

पालमच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे. आमच्याकडं खेड्यातला माणूस गोळ्यांच्या एका पट्टीसाठी दिवस मोडून तालुक्याला येत नाही, फोन करतो. मग आम्ही औषध खाकी पाकिटात घालायचं, तोंडाला पिन मारायची, वर फाट्याचं नाव आणि माणसाचं नाव लिहायचं आणि त्या बाजूला निघालेल्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचं. याला आम्ही गाडीवर टाकणं म्हणतो. कंडक्टर फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पाकीट उतरवतो आणि टपरीवाला ते ज्याचं त्याला देतो. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय. आजवर एखादं पाकीट हरवलेलं मला आठवत नाही.

पाकिटावर नाव मात्र घरच्या कर्त्या पुरुषाचं. औषध सासूच्या गुडघ्याचं असो, सुनेच्या बाळंतपणातलं असो, नाव बाप्याचं. असं कुणी ठरवलेलं नाही. टपरीवाला पुरुषांनाच नावानं ओळखतो, आम्हीही. बायका आमच्या लेखी अमक्याच्या घरच्या.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानात फोन आला. आवाज मुलीचा, दबका. आमच्या औषधाच्या पिशवीवर दुकानाचा नंबर छापलेला असतो, तो बघून तिनं लावला होता. टीव्हीवर जाहिरात लागते ती गोळी आहे का, असं तिनं विचारलं. म्हणजे बहात्तर तासांच्या आत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणूनची. मी म्हणालो, आहे. गाव विचारलं, तिनं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, "काका, माझ्या नावानं टाका. मी कॉलेजला जाताना फाट्यावरून उचलते." आणि स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट. तिथंच ती फसली. त्या गावात त्या आडनावाचं एकच घर होतं, आणि त्या घरातल्या माणसाची रक्तदाबाची गोळी मीच दर महिन्याला गाडीवर टाकत होतो. ती त्याची थोरली. अकरावीला होती.

मी गोळी काढली. पाकिटात घातली. पेन उचललं आणि तसाच उभा राहिलो.

माझी स्वतःची मुलगी तेव्हा दहावीत होती. माझ्या मनात आलं की उद्या हिनं कुठल्या दुकानाला असा फोन केला, तर त्या दुकानदारानं मला सांगायला नको का? बापाला माहीत नसावं, हे कसं चालेल? पण फोन उचलून तिच्या बापाशी हे बोलायची माझी छाती नव्हती. मी मुळात कमी बोलणारा. ग्राहकाला 'सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर' एवढंच सांगणारा. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी पाकिटाला बोलायला लावलं. वर तिच्या वडिलांचं नाव लिहिलं, ठळक अक्षरात, आणि गाडीवर टाकलं.

पाकीट बरोबर पोचलं. फाट्यावर ती यायच्या आत टपरीवाल्यानं त्यांना हाक मारून हातात दिलं. गोळीच्या वेष्टनावरचं वाचायला त्यांना कुणाची मदत लागली नाही.

काही दिवसांनी ते दुकानात आले. बाहेरच्या स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता भांडतील. मी आधीच म्हणालो की सवयीनं तुमचं नाव पडलं हो, माफ करा. त्यांनी हात जोडले. "न्हाई शेठ. तुमची चूक झाली म्हणून आमची इज्जत वाचली." पोरीचं कॉलेज बंद केलं होतं, ताडकळसकडचं स्थळ पाहिलं होतं, तारीख काढायला निघाले होते. जाताना त्यांनी मला लग्नाचं आवतण दिलं. मी गेलो नाही, पण आहेर पाठवला. गाडीवर टाकला, त्यांच्या नावानं.

नवऱ्याकडची माणसं ऊसतोडीला जाणारी. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम आगाऊ उचल देत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं पटापटा उरकतात. तिचंही तसंच उरकलं. दिवाळीनंतर एक ट्रक स्टँडसमोर थांबला होता. बोचकी, चुली, कोंबड्यांची खुराडी आणि त्यावर बसलेली माणसं. त्यात ती होती. डोक्यावर पदर होता, तरी मी ओळखलं. ती माझ्या दुकानाची पाटी वाचत होती. मी पाठ फिरवून खोकल्याच्या बाटल्या रचायला लागलो. त्या आधीच रचलेल्या होत्या.

त्यानंतर माझं काय झालं हे सांगण्यासारखं नाही, कारण वरून काहीच झालं नाही. दुकान चाललं, मुलगी शिकली, तिचं लग्न झालं. फक्त एखादी मुलगी दुकानासमोर घुटमळताना दिसली की मी दुकानातल्या कामाच्या पोराला पुढं करून आत गोदामात जायचो. गोळी मिळते की नाही, हे मला बघायचं नसे.

मग दोन-तीन वर्षांपूर्वीचा तो फोन. हिवाळ्याचे दिवस होते, दुकान नुकतंच उघडलं होतं.

"पालमचे मेडिकलवाले काका का?"

मी हो म्हणालो.

"बहात्तर तासांची गोळी पाहिजे. ताडकळसच्या गाडीवर टाकता का?"

"टाकतो की. कुणाच्या नावानं टाकू?" मी पाकीट ओढत सवयीनं विचारलं.

 मग ती म्हणाली, "या वेळेला तरी बापाच्या नावानं टाकू नका."

माझ्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. आवाज भरदार झाला होता, पण तोच होता.  तीच पुढं बोलली, अगदी कामापुरतं. गोळी तिच्यासाठी नव्हती, नणंदेसाठी होती. बारावीला आहे, हुशार आहे, वर्गातल्याच मुलाबरोबर चूक झाली, काल रात्री रडत भावजयीपाशी आली. नवरा आणि दीर दोघं मिळून एक कोयता धरून तोडीवर गेलेत. ती स्वतः या वर्षी लेकरांच्या शाळेसाठी मागं राहिली. घरी सासरे आहेत, त्यांना कळलं तर पोरीचं सगळं संपलं. ताडकळसच्या मेडिकलात जावं तर सांज व्हायच्या आत घरी कळतं.

"तुमचा नंबर मला पाठ हाय," ती म्हणाली. "इसरला न्हाई कधी."

मी म्हणालो, गाडीवर टाकत नाही.  तिला वाटलं असणार की मी नाही म्हणतोय. मी घाईनं म्हणालो, "मीच घेऊन येतो."

"तुमी? कशाला?"

"पाकिटावर नाव नको म्हणून."

तिनं सांगितलं की आज ताडकळसचा बाजार आहे. बाजारात कोण कुणाला भेटतं याकडं कुणाचं लक्ष नसतं. स्टँडजवळच्या रसवंतीपाशी या, आम्ही तिथं असू.

बायकोला सांगितलं की जरा बाहेर जाऊन येतो, आणि गोळी शर्टाच्या आतल्या खिशात घालून गाडीत बसलो. कंडक्टर रोजचाच, माझी पाकिटं नेणारा. त्यानं मला खिडकीशी बसलेलं पाहिलं आणि हसायला लागला. "शेठ, आज पाकिटाच्या जागी मालकच? पाकिटाला तिकीट न्हाई, तुमाला काढावं लागतंय." मी तिकीट काढलं. रस्ताभर खिशावर हात होता. त्या गोळीचं एक आहे, जितकी लवकर घ्यावी तितका तिचा गुण. हे मी शेकडो वेळा वाचलेलं. पण त्या दिवशी गाडी प्रत्येक फाट्यावर थांबायला लागली की मी घड्याळ बघायचो.

रसवंतीच्या बाकड्यावर त्या दोघी बसल्या होत्या. ती उन्हातान्हानं रापलेली, हाताच्या अंगठ्यापाशी कोयत्याचा जुना व्रण. शेजारी नणंद, पाठीला कॉलेजची सॅक, नजर खाली. मी भावजयीकडं बघून बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो. औषध जिचं, तिच्याशी बोलायचं, हे मला त्या क्षणी कळलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात.

मी मुलीकडं वळलो. आधी विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? तिनं मान हलवली, नाही. मला ते पुरेसं वाटलं नाही, तसं मी भावजयीकडं पाहिलं.

"म्या रात्रीच इचारलंय, दोनदा इचारलंय," ती म्हणाली. "जबरदस्ती असती तर काका, तुमाला न्हाई, पोलीस ठाण्याला फोन केला असता. अन् त्याला हितंच आणून उभा केला असता."

मग मी मुलीला सगळं समजावलं. इतकं मी एका ग्राहकाशी कधी बोललो नव्हतो. ही गर्भ पाडायची गोळी नाही, राहू नये म्हणूनची आहे. मळमळ होईल, घाबरायचं नाही. दोन-तीन तासांत उलटी झाली तर मला फोन कर, दुसरी आणून देईन. पाळी पुढंमागं होईल, आठवड्याच्या वर लांबली तर गर्भाची तपासणी करायची, ती पट्टीही मी देईन. ही रोजची गोळी नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आत्ताच घेऊ?"

मी गोळी तिच्या हातावर ठेवली. भावजय रसवंतीवाल्याकडं पाणी मागायला उठली आणि उठल्या जागी थबकली. "मामंजी," ती हळूच म्हणाली.

धोतर, खांद्यावर पिशवी, हातात गाजरांची जुडी. पोरीचा बाप सरळ आमच्याकडंच येत होता. पोरीनं मूठ मिटली. तिचा चेहरा मी पाहिला. पाकिटाच्या दिवशी फाट्यावर हिच्या भावजयीचा चेहरा असाच झाला असणार, जो मी पाहिला नव्हता.

म्हातारा जवळ आला. सुनेनं सांगितलं, हे माहेराकडचे, पालमचे मेडिकलवाले काका. त्यानं मला नमस्कार घातला. भला माणूस, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. "एवढ्या लांब बाजाराला? काय घ्यायलाव?"

समोर दोरखंडवाल्याचं पाल होतं. मी म्हणालो, "कासरा." बैलाचा लगाम म्हणून जो दोर लागतो तो. माझ्या सात पिढ्यांत कुणी बैल पाळला असेल, मला माहीत नाही.

"कासरा? मग चला, तुमी फसताल," असं म्हणून म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. तो मला पालावर घेऊन गेला, एकेक दोर उलगडून पीळ दाखवायला लागला. हा सुती आहे, टिकतो, हा नायलॉनचा, बैलाचं तोंड सोलतो. मी मान डोलावत होतो. "बैल किती?" त्यानं विचारलं.

"एक."

"एकच? अन् दुसरा?"

"शोधायलोय."

तो मनापासून हळहळला. एका बैलाचं दुःख कसं असतं हे तो मला सांगत होता, भाव पाडत होता, दोरखंडवाल्याला टोमणे मारत होता. मी त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. पोरगी पितळी तांब्या वर धरून पाणी पीत होती. पार तळाशी जाईपर्यंत. तांब्या खाली ठेवून तिनं पदरासारखी ओढणी तोंडावरून फिरवली. तिची मूठ आता उघडी होती.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तसा मला माझं दुकान सुरू झालं त्या दिवशीही झाला नव्हता. मी म्हाताऱ्याला म्हणालो, दोन कासरे द्या. दुसरा बैल मिळणारच आहे.

निघताना भावजय स्टँडपर्यंत आली. सासरे आणि नणंद मागं होते. तिनं मला एवढंच सांगितलं की त्या वेळी तिला गोळी मिळाली नाही, पण गरजही पडली नाही. आठ दिवसांत पाळी आली होती. "पण तवर सुपारी फुटली व्हती," ती म्हणाली, आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून तीच मला समजवायला लागली. "जाऊ द्या काका. माणसाकडून चूक व्हती." गाडी आली. मी चढलो. बोललो नाही.

घरी बायकोनं कासऱ्यांची वेटोळी पाहिली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बैल खाली उभे हायती का वर आणताव?" मी म्हणालो, स्वस्त मिळाले. ते कासरे अजून दुकानात काउंटरच्या मागं खिळ्याला आहेत. लोक विचारतात. मी काही सांगत नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट बदलली. पाकिटावर नाव मागणाऱ्याचं. बाई फोन करते तर बाईचं, मुलगी करते तर मुलीचं, आणि नको म्हणाली तर नुसता फाटा आणि एखादी खूण. सुरुवातीला टपरीवाल्यांनी कटकट केली, कंडक्टरनं चेष्टा केली. आता त्यांनाही सवय झाली. टपरीवाले आता बायांना त्यांच्या नावानं हाक मारायला शिकलेत.

आमच्या लाइनीतले दुकानदार चहाला जमले की हा विषय निघतो. लहान पोरीला अशी गोळी बापाला न विचारता द्यावी का? एकजण म्हणतो, उद्या तिचा बाप दुकान फोडेल. दुसरा म्हणतो, पोरी बिघडतील. तिसरा कायद्याचं काढतो, की अठराच्या आतलं प्रकरण म्हणजे पोलीस. हा तिसरा मुद्दा मी उडवून लावत नाही, तो मला आजही टोचतो. कुणी मोठा माणूस पोरीला त्रास देत असेल तर नुसती गोळी देऊन मी त्यालाच मदत केली, असं होईल. म्हणून मी विचारतो, आणि उत्तर खटकलं तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमकडं नेतो. पण गोळी आधी, चौकशी नंतर, कारण गोळीला वेळ नसतो. आणि बापाचं म्हणाल, तर बाप वाईट असतो असं नाही. मी दोन बाप पाहिले, दोन्ही भले. पहिल्याला कळलं तेव्हा त्याच्याकडं लग्नाशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. भलेपणानंच त्यानं ते केलं. घरात सांगायची वाट असती तर त्या पोरींनी फोन केला असता का? एवढं मी त्यांना बोलून दाखवतो. कमी बोलणारा माणूस बोलतो म्हणून ते ऐकतात तरी.

ताडकळसवरून काही दिवसांनी निरोप आला होता, सगळं ठीक. पोरीनं बारावीची परीक्षा दिली. निकालानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मग गेल्या साली एका दुपारी दुकानापुढं म्हातारा उभा, खांद्यावर तीच पिशवी, शेजारी ती मुलगी. परभणीला नर्सिंगला नंबर लागला होता. म्हाताऱ्यानं पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला. अख्ख्या वस्तीत शिकायला बाहेर पडलेली पहिली पोरगी, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकाला सांगत होता. माझ्याच दुकानात माझ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटत होता.

"पोरगी म्हनली, पालमच्या काकाला पेढा द्यायचाच," तो म्हणाला. "आता का ते मला माहीत न्हाई."

मुलगी माझ्याकडं सरळ बघत होती. बाजारात खाली असलेली नजर आता वर होती. ती हसली. मी पेढा तोंडात टाकला.

तेवढ्यात म्हाताऱ्याचं लक्ष माझ्या मागच्या खिळ्याकडं गेलं. दोन्ही कासरे कोरे, एकदाही न वापरलेले. तो काळजीनं म्हणाला, "शेठ, दुसरा बैल गावला न्हाई व्हय अजून?"

मुलगी आधी हसली, मग मी. दुकानातली माणसं आमच्याकडं बघायला लागली. म्हातारा आमच्या तोंडाकडं बघत बघत आपणही हसू लागला, का ते कळत नसताना. त्याला न सांगितल्यामुळंच तो आज इथं पेढे घेऊन उभा होता. माझ्या हातून झालेल्या कामांत एवढं चांगलं दुसरं नाही, हे मी आता न लाजता लिहितो.

जाताना मुलीनं वहिनीचं सांगितलं. तीही बाहेरून बारावीला बसलीय, लेकरांना झोपवून अभ्यास करायलीय. या वर्षीही ती तोडीला गेली नाही. नणंदेची जुनी पुस्तकं तिनं घेतलीत. इंग्रजी अवघड जातंय, पण सोडत नाही.

मी तिला परीक्षेसाठी पेनं पाठवली. पाकिटावर तिचं नाव लिहिलं, पूर्ण, तिनं त्या पहिल्या फोनवर सांगितलं होतं तसं, माहेरच्या आडनावासकट. कंडक्टरनं टपरीवर उतरवलं, टपरीवाल्यानं तिलाच हाक मारून दिलं. तिचा फोन आला, मिळालं म्हणून. आवाजात हसू होतं. ती पुन्हा म्हणाली, "काका, तुमी लय मनाला लावून घेता. चूकच तर व्हती ती."

मी म्हणालो, अभ्यास कर. फोन ठेवला.

ती चूक नव्हती. मी पेन हातात धरून विचार केला होता आणि मग लिहिलं होतं. हे तिला समोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.